खान्देशातून एकट्याने मुंबई आणि इमॅजिका: कमी खर्चात तीन दिवसांचा बेत

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावकडून मुंबईला जाणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणला थांबतात. खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्ककडे जाणारी लोकलची वाटही कल्याणलाच फुटते. पहिल्यांदा एकटे निघणारे इथेच चुकतात. पार्कहून परत मुंबई गाठायची, मग तिथून गावाकडची गाडी पकडायची, यात त्यांचे चार तास आणि अंगातलं उरलंसुरलं त्राण जातं. म्हणून बेत साधा ठेवा. आधी दोन दिवस शहर पाहा, तिसऱ्या दिवशी राइड करा आणि त्याच रात्री कल्याणहूनच घरची गाडी पकडा. पुढचं सगळं या क्रमावर बेतलेलं आहे.

राइड पहिल्या दिवशी ठेवू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडून मुंबईच्या सोयीच्या गाड्या रात्री अकरा-बाराच्या पुढे येतात. अर्धवट झोप, रिकामं पोट आणि त्यावर रोलर कोस्टर असं झालं की उलटी ठरलेलीच.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

सोमवारी रात्री निघा. मंगळवार आणि बुधवार मुंबईला, गुरुवार इमॅजिकाला, शुक्रवारी पहाटे घरी. हे वार असे निवडण्यामागे कारणं आहेत:

- घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद.
- राणीची बाग बुधवारी बंद असते. ती पाहायची असेल तर मंगळवारी दुपारी.
- सिद्धिविनायकाला मंगळवारी प्रचंड रांग लागते. बुधवारी सकाळी तेच दर्शन सुखाने होतं.
- पार्कचं तिकीट शनिवार-रविवारपेक्षा आठवड्यातल्या मधल्या दिवशी स्वस्त असतं आणि रांगाही निम्म्याहून कमी असतात. एका दिवसात किती राइड होतील, हे वारावर सर्वांत जास्त अवलंबून असतं.

दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना टाळा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात घारापुरीच्या बोटी बंद राहू शकतात, विजा चमकल्या की मोठ्या राइड थांबवतात आणि जोराच्या पावसात लोकलचं वेळापत्रक कोलमडतं. तिन्ही अडचणी एकाच सहलीत येऊ शकतात.

२. कोणत्या गावाहून कोणती गाडी

*भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव:* विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती-मुंबई एक्स्प्रेस या रात्रीच्या गाड्या पहाटे ते सकाळी सातच्या सुमारास मुंबईत पोचवतात. जळगाव ते मुंबई अंतर साधारण ४२० किलोमीटर आहे. रावेर, यावल, जामनेरकडच्यांनी भुसावळ किंवा जळगाव, जे जवळ पडेल ते घ्यावं. प्रत्येक गाडी पाचोऱ्याला किंवा चाळीसगावला थांबतेच असं नाही, थांबा तपासून घ्या.

*धुळे:* धुळ्याहून चाळीसगावमार्गे मुंबईला जाणारी थेट एक्स्प्रेस आहे, पण ती दिवसाची. सकाळी निघून दुपारी पोचते, म्हणजे शहरातला अर्धा दिवस जातो. रात्रीच जायचं असेल तर चाळीसगाव गाठा किंवा आग्रा रोडने जाणारी एसटी पकडा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, हा मोठा दिलासा. शिरपूर, साक्रीकडच्यांनाही हीच वाट बरी.

*अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा:* ताप्ती मार्गावरच्या गाड्या सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने मुंबईत शिरतात. त्या कल्याणला येतच नाहीत. काही गाड्या ठरावीक वारीच धावतात. तुम्ही या बाजूचे असाल तर राइडचा दिवस मध्ये, म्हणजे बुधवारी ठेवा, गुरुवारी शहर पाहा आणि गाडी दादर, वांद्रे की मुंबई सेंट्रलहून आहे ते तिकिटावर नीट वाचा. अमळनेरकरांना जळगावला येऊन मध्य रेल्वेची गाडी धरणं अनेकदा सोपं जातं.

३. तिकीट काढताना होणाऱ्या चुका

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं. स्लीपरचं तिकीट एका बाजूचं तीनशे रुपयांच्या आसपास धरा. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं लागतं. हे काम आदल्या आठवड्यातच उरका, अकराला पाच कमी असताना नाही.

तारखेचा घोळ सगळ्यांत महागात पडतो. सोमवारी संध्याकाळी विदर्भातून सुटलेली गाडी चाळीसगावला मध्यरात्रीनंतर येते, म्हणजे मंगळवारी. तिकिटावर तुमच्या चढण्याच्या स्टेशनची तारीख लागते. चाळीसगावहून सोमवारची तारीख टाकलीत, तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. परतीला महानगरी एक्स्प्रेसचंही तसंच. गुरुवारी रात्री बाराच्या पुढे सुटणाऱ्या गाडीचं तिकीट शुक्रवारचं काढायचं असतं.

ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन आरक्षित डब्यात चढू नका. आरएसी, म्हणजे दोघांत एक बर्थ, असेल तर चढता येतं, बसायला जागा मिळतेच.

जाताना आणि येताना दोन्ही तिकिटं एकाच वेळी काढा. जाण्याचं कन्फर्म आणि येण्याचं नंतर बघू, असं करणाऱ्यांची परतीची रात्र जनरल डब्यात उभ्याने जाते.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं:
- मूळ आधार कार्ड. मुक्कामाच्या ठिकाणी फोटो चालेलच असं नाही.
- आधारच्या दोन झेरॉक्स.
- कॉलेजचं ओळखपत्र असेल तर तेही. पार्कमध्ये कधी कधी विद्यार्थ्यांना सवलत असते.
- रेल्वे आणि पार्कच्या तिकिटांचे स्क्रीनशॉट. ऐन वेळी नेट चालत नाही.
- एका कागदावर घरच्या दोघांचे फोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधांची नावं. हा कागद पाकिटात नाही, बॅगेत ठेवा.

सामान एकाच पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला हवं. पाच-सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका, कारण तिसऱ्या दिवशी ही सॅक पार्कच्या लॉकरमध्ये ठेवायची आहे. ट्रॉली बॅग आणलीत तर लोकलच्या गर्दीतही ती जड जाईल.

कपडे पातळ, लवकर वाळणारे घ्या. खान्देशातलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच उडून जातो. मुंबईत हवेत दमटपणा इतका की घाम अंगावरच राहतो आणि थकवा लवकर येतो. ओआरएसच्या चार पुड्या आणि एक लिटरची बाटली जवळ असू द्या. राइडसाठी नाडीचे बूट लागतील. चष्मा असेल तर मागे बांधायची दोरी घ्या. पॉवर बँक, छोटं कुलूप, टॉवेल, एक जास्तीचा टी-शर्ट आणि प्लॅस्टिकची पिशवी पुरे.

घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं घ्या. पहिली रात्र आणि पहिला दिवस त्यावर आरामात निघतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा गाडीत खायला उत्तम, पण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, दमट हवेत भाकरी टिकत नाही. दूध किंवा गूळ घालून केलेल्या दशम्या मात्र टिकतात.

पैसे तीन ठिकाणी विभागा. खिशात त्या दिवसापुरते, सॅकच्या आतल्या कप्प्यात हजार-दोन हजार, बाकी खात्यात. यूपीआय सगळीकडे चालतं, पण रिक्षा आणि घारापुरीच्या पायऱ्यांवरच्या दुकानांसाठी सुटे हवेतच.

५. मुक्काम

दोन रात्रींचा प्रश्न आहे. एकट्या माणसाला हॉटेलची खोली परवडत नाही, डॉर्ममधली खाट परवडते. फोर्ट, कुलाबा आणि अंधेरी भागात अशी हॉस्टेल आहेत. खाट पाचशे ते हजारच्या दरम्यान धरा. महिलांसाठी वेगळी डॉर्म असलेली ठिकाणंही आहेत. फोर्ट किंवा कुलाबा दहा-वीस टक्के महाग वाटलं तरी तेच घ्या, कारण पाहायची बहुतेक ठिकाणं तिथून पायी आहेत. नवख्या माणसाने शंभर रुपये वाचवायला रोज अंधेरीहून गर्दीत यायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉर्मिटरी आयआरसीटीसीच्या साइटवर तिकिटावरचा पीएनआर नंबर टाकून मिळतात. सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि मुंबई सेंट्रलला झोपण्याचे पॉड, म्हणजे एका माणसापुरते छोटे कप्पेही आहेत. तिथे बारा तासांच्या हिशेबाने पैसे घेतात, हे लक्षात ठेवून तुलना करा.

बुक करण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा: महाराष्ट्राचं आधार चालतं का, सकाळी सातला आलो तर बॅग ठेवू द्याल का, लॉकर आहे का, आणि रात्री दार किती वाजता बंद होतं. पहिला प्रश्न विचित्र वाटेल, पण काही हॉटेलं स्थानिक ओळखपत्रावर खोली देत नाहीत आणि हे दारात गेल्यावर सांगतात. स्टेशनबाहेर "स्वस्तात रूम देतो" म्हणत मागे लागणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ते कमिशनवर काम करतात आणि ते कमिशन तुमच्याच भाड्यात लागतं.

६. लोकल, मेट्रो, बस

तुमचं एक्स्प्रेसचं तिकीट लोकलला चालत नाही. लोकलसाठी वेगळं तिकीट काढायचं. रेल्वेच्या अॅपवरून काढत असाल तर स्टेशनात शिरण्याआधीच काढा. आत गेल्यावर अॅप तिकीट देत नाही आणि तिकीट नसताना फलाटावर उभं राहणं दंडाला आमंत्रण आहे. दिवसभर लोकलनेच फिरायचं असेल तर खिडकीवर एक, तीन किंवा पाच दिवसांचं टूरिस्ट तिकीट मिळतं. तीन दिवसांचं घेतलंत तर रांगेत उभं राहण्याचा त्रास वाचतो.

फोनमध्ये एम-इंडिकेटर अॅप ठेवा. कोणती गाडी फास्ट, कोणती स्लो, कोणत्या फलाटावर, सगळं त्यात कळतं. फर्स्ट क्लास, महिला आणि दिव्यांगांचे डबे वेगळे असतात. चढण्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. घाईत चुकीच्या डब्यात शिरलात तरी दंड तेवढाच बसतो.

सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे येणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ कल्याणकडे जाणारी लोकल नवख्याने टाळावी. उतरायचं स्टेशन येण्याआधी दोन स्टेशनं दाराकडे सरकायला लागा आणि कोणत्या बाजूला उतरायचं ते शेजारच्याला विचारा. सॅक पाठीवर नाही, पोटावर.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सीएसएमटी, चर्चगेट, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक या सगळ्यांना जोडते. भाडं दहा ते सत्तर रुपये. दुसऱ्या दिवशीची सगळी भटकंती हिच्यावर होते. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी तिकीट १० रुपये आणि एसीचं १२. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी एसी डबलडेकर बसही धावते, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर शहराचा जुना भाग त्यातूनच बघून होतो.

रिक्षा दक्षिण मुंबईत मिळत नाही. ती वांद्रे आणि शीवच्या उत्तरेलाच चालते. त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी, मीटर ३१ रुपयांपासून सुरू. मीटर टाकायला सांगा. नाही म्हणाला तर दुसरी बघा, मिळते.

७. पहिला दिवस, मंगळवार: बोट आणि फोर्ट

गाडीतून उतरून मुक्कामी सॅक टाका, आंघोळ करा आणि नऊच्या सुमारास गेटवेला पोचा. बॅग ठेवायची सोय नसेल तर सीएसएमटीची क्लोक रूम आहे. तिथे कुलूप लावलेली बॅगच घेतात आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. छोटं कुलूप घ्यायला सांगितलं ते यासाठी.

गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली पूर्ण झाला. उंची २६ मीटर. मागच्या बाजूला घारापुरीच्या बोटींची तिकिटं मिळतात. जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास धरा, लेण्यांचं तिकीट वेगळं. बोट एक तास घेते. धक्क्यापासून वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. माकडं हातातली खाण्याची पिशवी ओढतात, दशम्या सॅकच्या आत ठेवा. मुख्य लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे. ती पाहताना थोडं मागे जाऊन अंधाराला डोळे सरावू द्या, मग तिन्ही चेहऱ्यांवरचे वेगवेगळे भाव दिसू लागतात. अजिंठा आपल्या दारातच आहे, अनेकांनी तो पाहिलेला असतो. तिथे बौद्ध चित्रं आहेत, इथे शैव शिल्पं. दोन्ही पाहिलेल्याला इथे दुप्पट आनंद मिळतो. दुपारी दोनपर्यंत परतीची बोट धरा. शेवटच्या बोटीवर विसंबू नका.

गेटवेहून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत दहा मिनिटांवर. गेटवेचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच ही इमारतही आखली. संध्याकाळी सहाला बंद होतं, म्हणून साडेतीनच्या आत शिरा. पाय दुखत असतील तर संग्रहालय सोडा, पण सीएसएमटीची इमारत रात्री दिव्यांत जरूर पाहा. १८८८ मध्ये ती पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा आहे. समोर महापालिकेच्या बाजूने पूर्ण दर्शनी भाग एका नजरेत येतो.

८. दुसरा दिवस, बुधवार: मेट्रोवरची मुंबई

सकाळी सिद्धिविनायक. तिथून मेट्रोने ग्रँट रोड, मग चालत गामदेवीतलं मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम या घरात असे. प्रवेशाला पैसे नाहीत, तासभर पुरतो. हाजी अलीला जायचं असेल तर भरतीची वेळ आधी पाहा, भरतीला जायची वाट पाण्याखाली जाते.

दुपारच्या उन्हात फिरू नका, खाटेवर दोन तास झोपा. उद्याचा दिवस अंगावर येणारा आहे. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हने चर्चगेटपर्यंत चाला. रात्री हलकं जेवा, दहाला झोपा. पार्कचं तिकीट काढलं नसेल तर आता काढा, गेटवर बहुधा महाग पडतं.

तिकीट काढताना एक चूक फार होते. इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क वेगवेगळे आहेत आणि तिकिटंही वेगळी. रोलर कोस्टर थीम पार्कमध्ये आहेत. स्वस्त दिसलं म्हणून वॉटर पार्कचं घेतलंत तर नायट्रो ही मोठी रोलर कोस्टर बाहेरूनच बघावी लागेल. एका दिवसात दोन पार्क करायला जाऊ नका. त्या दिवशी पार्क किती वाजता उघडतं आणि बंद होतं तेही साइटवर पाहा, ऋतू आणि वाराप्रमाणे वेळ बदलते. आणि कोणी गोराईच्या एस्सेलवर्ल्डबद्दल सांगितलं तर ते मनोरंजन पार्क बंद झालेलं आहे, तिकडे फेरी मारू नका.

९. तिसरा दिवस: खोपोली गाठणं

सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत. त्या जमल्या नाहीत तर कर्जत लोकल पकडा आणि कर्जतला खोपोलीची गाडी घ्या. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर, पुढे खोपोली १५. एकूण अडीच ते तीन तास धरा. साडेसहा-सातला निघा. सकाळची गर्दी शहराकडे येत असते आणि तुम्ही उलट जात असता, त्यामुळे बसायला जागा मिळते. तिकीट पन्नास रुपयांच्या आत.

कल्याणला दोन फाटे फुटतात, कसारा आणि कर्जत. कसाऱ्याची गाडी नाशिककडे, म्हणजे आपल्या गावाकडच्या मार्गाने जाते. तुम्हाला कर्जत-खोपोलीची हवी. इंडिकेटर वाचा, घोषणा ऐका, तरीही शंका असेल तर विचारा.

कर्जत-खोपोली गाड्यांमध्ये बराच खंड असतो. परतीच्या दोन वेळा आत्ताच लिहून घ्या. स्टेशनबाहेरून रिक्षा मिळते. भाडं आधी ठरवा, माणशी की पूर्ण रिक्षा हे स्पष्ट विचारा. पार्ककडे निघालेले आणखी दोघे-तिघे गाडीतच भेटतात, त्यांच्यासोबत वाटून घेतलं तर खर्च एक तृतीयांश होतो. पालीकडे जाणारी एसटीही त्याच रस्त्याने जाते. परतीच्या रिक्षाचं आधी बोलून ठेवा, संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात.

खोपोलीत पोहे किंवा इडली खा. बाहेरचं खाणं पार्कमध्ये नेता येत नाही आणि आतलं महाग आहे. राइडच्या दीड-दोन तास आधी हलकं खाल्लेलं चांगलं. तेलकट वडे आणि मिसळ आज नको.

१०. राइड कोणत्या क्रमाने करायच्या

आत गेल्यावर आधी लॉकर. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, गळ्यातली साखळी, लोंबते डूल सगळं त्यात. मोठ्या राइडवर खिशातली वस्तू उडते आणि ती परत मिळणं कठीण. मग त्या दिवशी कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत ते विचारा.

*पहिले दोन तास, बाहेरच्या मोठ्या राइड.* सगळे लोक दाराजवळच्या दुकानांत आणि फोटोंत रमलेले असताना थेट नायट्रोकडे जा. उंची ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पाच वेळा उलटं करते. पायाखाली पत्रा नाही, पाय अधांतरी लोंबतात, म्हणून चप्पल काढावी लागते. नाडीचे बूट असतील तर अडचण येत नाही. पुढच्या रांगेत समोरचं दृश्य भीती घालतं. मागच्या रांगेत उतारावर ओढ जास्त बसते, कारण गाडीचा पुढचा भाग आधीच खाली धावत असतो. पहिल्यांदा बसणाऱ्याने मधली जागा घ्यावी.

बसल्यावर डोकं मागच्या टेकूला घट्ट लावा आणि तसंच ठेवा. मान वळवून शेजारी पाहायला गेलात की खांद्यावरचा दांडा कानाला आपटतो. मान दुखण्याचं मुख्य कारण तेच. श्वास रोखू नका, ओरडलात तरी चालेल, ओरडण्याने श्वास आपोआप सुटतो.

नंतर डी-टू हा वरून थेट खाली सोडणारा मनोरा, मग स्क्रीम मशीन. स्क्रीम मशीन झुलतं आणि गोल फिरतंही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना नायट्रोपेक्षा याचाच जास्त त्रास होतो. तसा त्रास असेल तर हे सगळ्यांत शेवटी ठेवा किंवा सोडा. गाडी लागण्याची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि राइडच्या आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

एकट्याचा एक फायदा इथे आहे. जोड्या आणि कुटुंबं एकत्र बसतात, त्यामुळे रांगेत मध्येच एखादी जागा रिकामी जाते. रांग लावणाऱ्या कर्मचाऱ्याला "दादा, मी एकटाच आहे, जागा रिकामी असेल तर बसतो" असं सांगून ठेवा. अनेकदा पुढे घेतात. गुरुवारी जास्तीचे पैसे भरून एक्स्प्रेस तिकीट घेण्याची गरज नाही.

*दुपारी बारा ते तीन, छताखाली.* उन्हात रांगेत उभं राहण्यापेक्षा आता एसीतल्या राइड घ्या: अंधारात धावणारी डीप स्पेस, भुताटकीची सालिमगढ, पाण्या-आगीचा राथ ऑफ द गॉड्स, आणि आय फॉर इंडिया. शेवटच्यात पाय लोंबकळत ठेवून मोठ्या पडद्यावर देशभरातून उडवत नेतात. पडदा आणि हलणारी खुर्ची यांच्या जोडीने काहींना रोलर कोस्टरपेक्षा जास्त मळमळतं, कारण डोळ्यांना दिसणारी गती आणि शरीराला जाणवणारी गती जुळत नाही. असं वाटलं की डोळे मिटा, अर्ध्या मिनिटात बरं वाटतं. जेवण दोनच्या सुमारास हलकं, आणि त्यानंतर पाऊण तास डोकं खाली पाय वर करणारी कोणतीही राइड नको.

*तीननंतर* गोल्ड रश एक्स्प्रेस आणि जी आवडली ती पुन्हा. भिजवणारी राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर शेवटून दुसरी घ्या, म्हणजे कपडे बदलायला वेळ मिळतो. राजासॉरस हा खरा डायनासोर. त्याचे अवशेष गुजरातेत रहिओलीला सापडले आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं, नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेवरून. हे माहीत असलेल्या खान्देशी माणसाला ती राइड जरा जवळची वाटते.

हृदयाचा त्रास, रक्तदाब, मणक्याचा किंवा मानेचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गर्भारपण यांपैकी काही असेल तर मोठ्या राइड करू नका. दारावरची सूचना वाचा. एकट्याने आलेल्याला चक्कर आली तर सांभाळायला सोबत कोणी नसतं, म्हणून दोन मोठ्या राइडच्या मध्ये पंधरा मिनिटं सावलीत बसा आणि ओआरएस घ्या. डोकं गरगरत असताना पुढच्या रांगेत उभे राहू नका.

११. खर्चाचा अंदाज

- रेल्वे, दोन्ही बाजू स्लीपर: ६०० ते ६५०
- दोन रात्री डॉर्म: १२०० ते २०००
- खाणं, तीन दिवस: १०००
- लोकल, मेट्रो, बस, एखादी टॅक्सी: ४०० ते ५००
- बोट, लेणी, संग्रहालय: ५०० ते ६००
- पार्कचं तिकीट: १५०० ते २०००, वार आणि सवलतीप्रमाणे
- पार्कमधलं जेवण, लॉकर: ६००
- खोपोलीतली रिक्षा: ३०० ते ४००, वाटून घेतली तर कमी

म्हणजे सात हजारांच्या आसपास. याशिवाय दोन हजार वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. गाडी चुकली किंवा आजारी पडलात तर एसी तिकीट आणि औषध त्यातून निघायला हवं. पैसे कमी करायचेच असतील तर संग्रहालय आणि टॅक्सी कापा, मुक्काम आणि परतीचं आरक्षण कापू नका.

१२. सुरक्षितपणे फिरणं आणि परतीची रात्र

घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन चालू ठेवून द्या आणि रोज फोन करायची एक वेळ ठरवा. अडचणीत ११२, रेल्वेत १३९, मुंबईत महिलांसाठी पोलिसांची १०३ ही हेल्पलाइन. रात्री उशिरा लोकलमध्ये रिकाम्या डब्यात बसू नका, माणसं असलेला डबा निवडा.

कल्याणच्या गाडीआधी हातात तीन तास ठेवून पार्कमधून निघा. हावडा मेल रात्री दहाच्या सुमारास कल्याणला असते, ती पकडायची तर साडेसहाला बाहेर पडा, म्हणजे खोपोलीची एक लोकल चुकली तरी दुसरी मिळते. महानगरी बाराच्या पुढची आहे, तिला घाई लागत नाही, पण कल्याणला बराच वेळ बसावं लागतं. वेटिंग रूममध्ये तिकीट दाखवून बसता येतं. गाडीचा फलाट शेवटच्या क्षणी बदलतो, घोषणेकडे कान असू द्या.

गाडीत चढण्याआधी ओले कपडे बदला. झोपताना सॅकचा पट्टा हाताला किंवा खाटेच्या साखळीला कुलपाने बांधा. गाडी पहाटे जळगावला आणि मग भुसावळला लागते. दमलेल्या माणसाला स्टेशन कळत नाही, म्हणून १३९ वर फोन करून उतरण्याच्या स्टेशनची सूचना लावून घ्या आणि फोनचाही गजर त्याच्या अर्धा तास आधीचा लावा. गाडी उशिरा धावत असेल तर गजर पुन्हा लावा. जळगावला उतरून चोपडा किंवा जामनेरला जायचं असेल तर पहाटेच्या एसटीची वाट स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये पाहा, अंधारात एकट्याने स्टँडकडे चालत जाऊ नका.